बार्टोकचा ‘लाकडी राजपुत्र’ कॉन्सर्टमध्ये ऐकायला जायचंय? मग आधी एवढं करा

मागच्या वर्षी आई सहा महिने इकडे जर्मनीत राहायला आली होती, तेव्हा आमच्या गावातल्या ऑर्केस्ट्राने नेमका हा प्रोग्रॅम लावला आणि मी तिला घेऊन गेले. त्याआधीचे दोन आठवडे तिची (खरं तर माझीच) जी काय तयारी झाली ती इथे लिहून ठेवतेय, कारण मी पहिल्यांदा हा पीस ऐकायला गेले होते तेव्हा काहीही न वाचता गेले, सगळ्यात स्वस्त तिकीट म्हणून पुढून पहिली रांग घेतली आणि पन्नास मिनिटं व्हायोलिनवाल्यांचे बूट बघून परत आले. मधे एकदा डुलकी पण लागली. बाहेर पडताना वाटलं की हे सिनेमाशिवायचं सिनेमाचं म्युझिक आहे. तर तुमचं तसं होऊ नये.

आधी नावाचा घोळ मिटवूया. संगीत बेला बार्टोक ह्या हंगेरियन संगीतकाराचं, कथा बेला बॉलाझ ह्या लेखकाची. दोघंही बेला आणि दोघंही पुरुष, हंगेरीत हे मुलाचं नाव आहे. आईला हे बरेच दिवस पटलं नाही, ती बार्टोकला ‘ती’च म्हणत राहिली. हंगेरियनमध्ये नाव आहे ‘ऑ फाबोल फॉरॉगोत्त किरायफि’, म्हणजे लाकडातून कोरलेला राजपुत्र. बुडापेस्टच्या ऑपेरा हाऊसमध्ये १२ मे १९१७ ला पहिला प्रयोग झाला, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असताना. कंडक्टर होता एजिस्तो तांगो नावाचा इटालियन माणूस, आणि हे सगळं त्याने इतकं मनापासून बसवलं की बार्टोकने हा पीस त्यालाच अर्पण केला.

आता मुख्य गोष्ट. हा बॅले आहे, पण कॉन्सर्टमध्ये कोणी नाचणार नाहीये. स्टेजवर काळ्या कपड्यातली नव्वदच्या आसपास माणसं बसलेली असणार आणि बस्स. त्यामुळे गोष्ट तुमच्या डोक्यात आधीपासून असायलाच हवी, नाहीतर मध्येच एवढा धांगडधिंगा का चाललाय ते कळत नाही. प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत असते गोष्ट, पण दिवे मंद झाल्यावर ती वाचायला जाऊ नका, पानांचा आवाज होतो आणि शेजारचे जर्मन आजोबा बघतात तुमच्याकडे.

गोष्ट अशी. दोन छोट्या टेकड्यांवर दोन छोटे महाल, एकात राजपुत्र, एकात राजकन्या, मधे जंगल आणि ओढा. आणि एक परी, जिच्या हुकमात ही झाडं आणि पाणी. राजपुत्र जग बघायला बाहेर पडतो, राजकन्या दिसते, प्रेमात पडतो. परी राजकन्येला महालात पाठवते, ती चरख्यावर सूत काढत बसते. राजपुत्र तिच्याकडे जायला निघतो तर झाडं जिवंत होऊन वाट अडवतात. तिथून कसाबसा सुटतो तर ओढा फुगतो. मग त्याला युक्ती सुचते. काठीवर स्वतःचा झगा अडकवतो आणि उंच धरतो, तिने खिडकीतून बघावं म्हणून. ती बघत नाही. मुकुट चढवतो, तरी नाही. शेवटी स्वतःचे सोनेरी केस कापून त्या काठीला लावतो. आता थोडक्यात ते झालंय आपल्या शेतातलं बुजगावणं, फक्त जरा श्रीमंत घरातलं. आणि ह्या बुजगावण्यावर राजकन्या भाळते! धावत खाली येते, समोर खरा राजपुत्र उभा, पण झगा नाही, मुकुट नाही, डोक्यावर केस नाहीत, तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तिला तो बाहुलाच हवा. परी बाहुल्यात जीव घालते आणि राजकन्या त्याच्याबरोबर नाचत निघून जाते.

राजपुत्र रडून रडून झोपतो. मग परीला दया येते (इतका वेळ कुठे होती कोण जाणे), ती त्याला फुलांचे केस, फुलांचा मुकुट, फुलांचा झगा देते, सगळं रान त्याच्यापुढे झुकतं. तिकडे बाहुला मोडायला लागलाय, झगा घसरतोय, पाय वाकडे पडतायत, राजकन्या त्याला ओढतेय, ढकलतेय. तिला खरा राजपुत्र दिसतो, आता ती त्याच्या मागे, तर तो नको म्हणतो आणि तिची वाट जंगल अडवतं. ती हताश होऊन स्वतःचा मुकुट टाकते, झगा टाकते, केस कापते. तेव्हा तो तिला जवळ घेतो. संपलं.

आई ऐकून म्हणाली, “अगं, हिला टक्कल झाल्यावर ह्याला बरी आवडली, आणि ह्याचं झालं तेव्हा?” मुद्दा बरोबर आहे पण ते बॉलाझला विचारायला हवं. त्याचं स्वतःचं म्हणणं असं होतं की बाहुला म्हणजे कलाकाराने केलेली कलाकृती. माणूस आपलं सगळं तिच्यात ओततो, स्वतः रिकामा होतो, आणि लोक त्या कलाकृतीवर प्रेम करतात, त्याच्यावर नाही. हे डोक्यात ठेवून ऐकलं तर एक मजा होते, ती पुढे सांगते.

तिकीट काढताना एक बघा. ह्याच नावाखाली कधी पूर्ण बॅले असतो, तो पन्नास ते पंचावन्न मिनिटांचा, आणि कधी नुसता सुइट, म्हणजे त्यातले निवडक तुकडे जोडलेला छोटा अवतार, बार्टोकनेच केलेला. वाईट नाहीये, पण सुइटमध्ये गोष्टीचा धागा तुटतो आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याने पूर्णच ऐकावं असं माझं ठाम मत आहे. पूर्ण असेल तर शक्यतो इंटरव्हलनंतर असतो, म्हणजे कॉफी पिऊन फ्रेश होऊन बसता येतं.

सीट. पुढची रांग नको, ते सांगितलंच. बाजूची बालकनी घ्या, थोडी उंचावर, जिथून मागचे लोक दिसतील, कारण ह्या पीसमधले कलाकार मागे बसतात. काही हॉलमध्ये ऑर्केस्ट्राच्या मागे स्वस्तातल्या सीट्स असतात, कंडक्टरचा चेहरा समोर दिसतो, मोह होतो. पण तिथे ढोल-झांजा आणि झायलोफोन थेट कानाखाली येतात आणि बिचारे व्हायोलिन लांब राहतात. दुसऱ्यांदा ऐकताना बसा तिथे, धमाल येते.

लवकर पोचा आणि लोक येऊन बसतायत तेव्हा मोजायला लागा. हे मी सिरियसली सांगतेय. बार्टोकने एवढा मोठा ऑर्केस्ट्रा नंतर क्वचितच वापरला. बासऱ्या चार, ओबो चार, क्लॅरिनेट चार, ‘बसून’ चार (ही सगळी फुंकायची वाद्यं), ट्रम्पेट आहेतच आणि वर दोन कॉर्नेट, दोन हार्प. दोन सॅक्सोफोन शोधा, सिंफनी ऑर्केस्ट्रात ते सहसा नसतातच. आणि चेलेस्टा नावाचं वाद्य शोधा, दिसायला आपल्या जुन्या पेटीपेक्षा थोडं मोठं, छोट्या पियानोसारखं, आवाज चांदीच्या घंट्यांसारखा. त्याच्यासमोर एका जागी दोन माणसं बसलेली दिसली तर समजा बरोबर हॉलमध्ये आलाय, कारण इथे चेलेस्टा चार हातांनी वाजवायचा आहे.

घरची तयारी तीन बैठकांची, त्याहून जास्त नको. मी आईला आधीच पन्नास मिनिटं सलग ऐकवायला गेले तर ती उठून भाजी निवडायला लागली.

पहिली बैठक फक्त सुरुवातीच्या चार-एक मिनिटांची. हेडफोन लावा, कारण सुरुवात इतकी हळू आहे की फोनच्या स्पीकरवर काहीच ऐकू येत नाही. अगदी तळाशी एकच सूर, सी, आणि तो हलतच नाही. त्याच्यावर हळूहळू बाकीचे सूर उगवत जातात, हॉर्न येतात, सगळं पसरत पसरत उजाडतं आणि परत विरतं. लोक ह्याची तुलना वागनरच्या ‘राईनगोल्ड’ ह्या ऑपेराच्या सुरुवातीशी करतात, तिथेही १३६ बार (म्हणजे तालाचे छोटे खंड) एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या त्याच सुरांवर, रेंगाळतात. पण आपल्याला वागनरची गरज नाहीये. आईने हेडफोन कानाला लावला, मिनिटभर डोळे मिटून बसली आणि म्हणाली, “हे तंबोरा लावतायत.”

आणि खरंच तेच आहे. तंबोऱ्यात नुसता सा छेडला तरी त्यातून पंचम, गंधार आपोआप ऐकू येतात, स्वयंभू गंधार म्हणतो ना आपण, तसेच अजून वर गेलं की कोमल निषादाच्या जवळचा एक आणि तीव्र मध्यमाच्या जवळचा एक सूर असतो, फार बारीक. बार्टोकने इथे तीच शिडी धरलीय, सी हा सा मानला तर बाकी सगळं शुद्ध, फक्त मध्यम तीव्र आणि निषाद कोमल. पाश्चात्त्य कानाला हे विचित्र, ना मेजर ना मायनर. कर्नाटक संगीतात वाचस्पती म्हणून ह्याच सुरांचा मेळ आहे, आणि आपल्या सरस्वती रागातही हीच जोडी आहे, गंधार मात्र वर्ज्य. बार्टोकने हे आपल्याकडून घेतलं असं अजिबात म्हणत नाहीये, तो १९०६ पासून कोडाय ह्या संगीतकार मित्राबरोबर खेड्यापाड्यात फिरून मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांची गाणी रेकॉर्ड करत होता, त्याचा कान तिथे तयार झालाय. पण निसर्ग दाखवायचा तर निसर्गात आपोआप वाजणारे सूर वापरायचे, हा विचार आपल्याला समजावून सांगावा लागत नाही एवढंच. घरी पेटी असेल तर सा धरून ठेवा आणि सा रे ग तीव्र म प ध कोमल नि सा असं दोनदा वाजवा. मग ती सुरुवात परत ऐका. ह्या पाच मिनिटांच्या उद्योगाचा उपयोग शेवटी होणार आहे, तेव्हा टाळू नका.

दुसरी बैठक बाहुल्याची. ट्रॅकच्या यादीत चौथा नाच शोधा, राजकन्या आणि लाकडी बाहुला, साधारण पीसच्या मध्यावर येतो. आवाज ऐका. झायलोफोन, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर लाकडी काठ्या. व्हायोलिनवाले धनुष्य उलटं करून केसांऐवजी त्याच्या लाकडाने तारांवर टकटक करतात. सगळं कोरडं, खटखटीत, सांधे नसलेलं, ताल पक्का पण अंगात लवचिकपणा शून्य. लग्नात एखादे काका नाचतात ना, गुडघे न वाकवता, तसं. आणि इथे ती मजा. हा नाच सगळ्या पीसमधला सगळ्यात भारी आहे! राजपुत्राचं स्वतःचं संगीत चांगलंय, हळवं आहे, पण थोडं भिजलेलं, रिचर्ड स्ट्राउस ह्या जर्मन संगीतकाराच्या वळणाचं, दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तरी चाललं असतं. बाहुल्याचं मात्र फक्त बार्टोकच लिहू शकतो. म्हणजे राजकन्या चुकली असं आपण म्हणतो, पण आपले कान पण त्याच बुजगावण्याच्या मागे धावतात. मी तरी दरवेळी धावते.

लगेच त्याच्यानंतर पाचवा नाच ऐका, मधला शांत भाग आज सोडून द्या. तोच बाहुला, पण आता मोडतोय. तीच खटखट, पण पाऊल भलतीकडे पडतंय, ताल अडखळतोय, सूर घसरतोय. चावीची खेळणी चावी संपत आल्यावर कशी करतात तसं. दोन्ही लागोपाठ ऐकलं की फरक इतका स्पष्ट कळतो की हॉलमध्ये तो क्षण आल्यावर तुम्ही स्वतःशी हसाल.

तिसरी बैठक पूर्ण, सलग, रात्री जेवण झाल्यावर. आडवं होऊन ऐकू नका. खुणा एवढ्याच लक्षात ठेवा: पहिला नाच राजकन्येचा, एकटा क्लॅरिनेट नखरे करत येतो तो तिचा. दुसरा झाडांचा, जड, खालून उसळणारा. तिसरा लाटांचा, आणि इथे ते इतका वेळ हातावर हात ठेवून बसलेले सॅक्सोफोनवाले कामाला लागतात, हार्प आणि चेलेस्टाचं पाणी सगळीकडून झुळझुळायला लागतं. मग बाहुला बनवण्याचा मोठा प्रसंग, झगा, मुकुट, केस, आणि त्या खटपटीनंतर चौथा नाच. मग एकदम शांत. पाचवा मोडक्या बाहुल्याचा, सहावा राजकन्या खऱ्या राजपुत्राला भुलवायला बघते तो, सातवा जंगल तिला अडवतं तो. नाच सात, पण मधे कुठेही थांबत नाहीत, एकातून दुसरा निघतो, त्यामुळे टाळ्या मध्येच वाजवायचा प्रश्न येत नाही. बार्टोकने स्वतः सांगितलेली मांडणी तीन भागांची आहे: बाहुल्याच्या नाचापर्यंत पहिला, मग निवांत मधला, आणि तिसऱ्यात पहिल्यातल्याच गोष्टी उलट्या क्रमाने. गोष्टीचंही तसंच आहे, आधी तो अडतो, मग ती अडते.

कुठलं रेकॉर्डिंग? मी पियर बुलेझ ह्या कंडक्टरचं शिकागो सिंफनीबरोबरचं वापरते, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, त्याला ग्रॅमी पण मिळालंय. एकेक वाद्य वेगळं ऐकू येतं, शिकायला उत्तम. ज्यांना ते थंड वाटेल त्यांनी अंताल दोरातीचं लंडन सिंफनीबरोबरचं ऐकावं, साठच्या दशकातलं आहे पण अंगावर येतं, आणि हा माणूस बुडापेस्टमध्ये प्रत्यक्ष बार्टोककडे पियानो शिकलेला. दोन्ही ऐकायचा हट्ट नको. आणि मुंबईतले कोणी वाचत असतील तर, हाच पीस कधी लागेल ह्याची वाट बघत बसू नका, एनसीपीएला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कुठलाही मोठा प्रोग्रॅम आधी एकदा ऐकून या. एवढी माणसं एकत्र वाजवतात तेव्हा खुर्चीला काय होतं ते हेडफोनवर कळत नाही.

थोडी मागची हकिकत, कारण ती माहीत असली की ऐकताना फरक पडतो. १९१७ च्या आधी बार्टोकची अवस्था त्या राजपुत्रासारखीच होती. त्याचा ‘ब्लूबिअर्ड’ हा ऑपेरा १९११ पासून लिहून पडला होता, स्पर्धेत नाकारला गेला होता, तो सार्वजनिक संगीतातून जवळजवळ अंग काढून बुडापेस्टबाहेर राकोशकेरेस्तूरला राहत होता. हा बॅले हिट झाला आणि त्याच्या जोरावर वर्षभरात, मे १९१८ मध्ये, ऑपेराही स्टेजवर आला. दोन्हीचा शब्दांचा माणूस बॉलाझच. मग १९१९ मध्ये हंगेरीतलं कम्युनिस्ट सरकार पडलं, त्याच्या बाजूचा म्हणून बॉलाझला देश सोडून व्हिएन्नाला पळावं लागलं, आणि नवीन लोक म्हणाले की त्याचं नाव पोस्टरवरून काढा मग लावतो तुमचे प्रयोग. बार्टोक नाही म्हणाला. झालं, बुडापेस्टमध्ये हा बॅले परत यायला १९३५ उजाडलं. स्वतःच्या हिट पीसवर पाणी सोडलं त्याने सोबत्याच्या नावासाठी. आईला ही गोष्ट नाचांपेक्षा जास्त आवडली, तिथून पुढे ती त्याला ‘ती’च्या ऐवजी ‘तो माणूस’ म्हणायला लागली.

प्रत्यक्ष दिवशी. पोटभर जेवून जाऊ नका, तो मधला शांत भाग झोपेचा सापळा आहे, मी त्यात पडलेय. खोकल्याची गोळी कागदातून आधीच काढून रुमालात ठेवा. सुरुवातीचा तो एकच सूर चालू होईल तेव्हा वाजायला लागलं की नाही असा प्रश्न पडेल, तेव्हा डबल बासवाल्यांचे हात बघा. पुढे काय चाललंय ते हरवलं तर घाबरू नका, झायलोफोनवाल्याकडे लक्ष ठेवा, तो पुढे सरसावून उभा राहिला की बाहुला आलाच. आई तर त्याच्यावरच नजर लावून बसली होती, आणि चौथ्या नाचात व्हायोलिनवाल्यांनी धनुष्यं उलटी केली तेव्हा माझा दंड इतक्या जोरात धरला की दुसऱ्या दिवशी दुखत होता.

शेवट मोठ्या आवाजात होत नाही, हे आधी माहीत असू द्या. सगळा गोंधळ ओसरतो, दोघं एकमेकांजवळ उभी, आणि खालून परत तो सी येतो, सुरुवातीचा. झाडं परत झाडं होतात, ओढा परत ओढा. घरी पेटीवर सा धरून बसला असाल तर इथे तो तुम्ही आपोआप ओळखाल. हळू होत होत संपतं आणि कंडक्टरचे हात वरच राहतात. ते खाली येईपर्यंत टाळी नाही. आमच्या वेळी ते बराच वेळ वर होते, सगळा हॉल गप्प, आणि त्या शांततेत आई अगदी बारीक आवाजात, पण अचूक, सा लावून बसली होती. शेजारच्या आजोबांनी वळून बघितलं. मी म्हटलं बघू दे.